वाट अडवणारा

"चुकलं कुठे माझं, ते तरी सांगा, बा."

दलिसोने म्हाताऱ्या सकालांना विचारलं. झांबेझीच्या काठावर झाडाच्या सावलीत बसून ते नदीकडे बघत राहिले.

या अभयारण्यात पाहुण्यांना पायी हिंडवणाऱ्यांमध्ये त्यांच्याइतकं जुनं कोणी नव्हतं. नव्या वाटाड्याला परवाना मिळायचा तो त्यांनी होकार दिला तरच. तिकडच्या रीतीप्रमाणे सगळे त्यांना आदराने बा म्हणत.

दलिसो दोन हंगाम त्यांच्या मागून चालला होता. आज बंदूक खांद्याला अडकवून तो प्रथमच पुढे होता. मागे चार पाहुणे, आणि सगळ्यांत शेवटी बा.

उन्हाळा टिपेला पोचला होता. रानातली डबकी कधीच आटून गेली होती. नदीजवळ येताच झाडीतून एक हत्तीण बाहेर पडली, पायाशी पिल्लू. ती थेट त्यांच्याच वाटेवर आली.

दलिसोने पाहुण्यांना थांबवलं आणि तो दोन पावलं पुढे गेला. बंदुकीच्या दस्त्यावर थाप मारून त्याने दरडावलं. हत्तीण कान फैलावून धावत आली. धूळ त्याच्या तोंडावर उडाली. तो हलला नाही.

ती थांबली. बराच वेळ थांबली... मग पिल्लाला सोंडेने वळवून झाडीत परत गेली.

पाहुणे खूश झाले. एकाने तर दलिसोचा हात हातात घेतला. बा तेवढे झाडीकडे बघत मान हलवत होते. मग सगळे काठावर चहाला टेकले.

"मी पळालो नाही. गोळी झाडली नाही. कुणाला ओरखडासुद्धा आला नाही," दलिसो म्हणाला. "मग?"

"दमलास. पाणी पी."

पाण्याची पिशवी फांदीला टांगली होती. दलिसो तिकडे निघाला. बा उठले आणि मध्ये येऊन उभे राहिले.

दलिसो हसला आणि डावीकडून जाऊ लागला. बा डावीकडे सरकले. तो उजवीकडे वळला. बासुद्धा वळले.

"बा, तहान लागलीय."

"हो, दिसतंय."

"मग सरका ना."

बांनी त्याच्या तोंडासमोर जोरात टाळी वाजवली. दलिसो दचकून मागे सरला. घसा कोरडा पडला होता. आता कानशिलंही तापली.



दलिसोने मान वळवली. झाडीत, उन्हात, हत्तीण अजून तिथेच होती. सोंड उंच करून नदीचा वास घेत होती. पिल्लू तिच्या पोटाखाली उभं होतं.

त्याने पिशवी तशीच राहू दिली. पाहुण्यांना हलकेच उठवलं, अर्धा चहा तिथेच सोडायला लावला आणि वारा बघून सगळ्यांना काठाने दूर, एका पुरुषभर उंच वारुळाआड नेलं. बा त्याच्या मागून चालले.

बराच वेळ काहीच झालं नाही. मग हत्तीण बाहेर आली. थबकली, आणि सरळ नदीत उतरली. पिल्लाला अजून सोंडेने पाणी ओढता येत नव्हतं. ते पुढचे गुडघे टेकून तोंडानेच पिऊ लागलं.

दलिसोचे डोळे भरले.

"बा," तो म्हणाला, "मघाशी मी..."

बांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"हळू बोल. बाळ पाणी पितंय."