पहिल्या पळीची गोळी

एका राज्यात झोप नव्हती. म्हणजे अंथरुणं होती, उशा होत्या, अंगाई म्हणणाऱ्या आया होत्या. झोप तेवढी नव्हती. राजा जागा, राणी जागी, पागेतले घोडे जागे. कोंबडेही जागेच, आणि उठवायचं कोणाला हे न कळल्यामुळे त्यांनी आरवणं सोडलेलं. दिवस उगवे, मावळे, पुन्हा उगवे, आणि माणसं एकाच न सरणाऱ्या दिवसात असल्यासारखी पाय ओढत चालत.

झालं होतं ते असं. राजाच्या वडिलांच्या दारी एकदा एक जादूगार आला आणि त्याने रात्रीपुरता निवारा मागितला. थोरल्या महाराजांनी त्याला उजाडेपर्यंत दारात उभं ठेवलं. गंमत म्हणून. सकाळी जादूगाराने राज्यातली सगळी झोप गोळा केली, तांब्याच्या घागरीत भरली, तोंडाला लाख लावली आणि ती घागर किल्ल्याच्या बुरुजावर लोखंडी घुबडाच्या पंजात दिली.

"शिशाची निर्दोष गोळी," तो म्हणाला, "या राज्याच्या साच्यात, या राज्याच्या हातांनी ओतलेली. तीच ही घागर फोडील. दोषाची गोळी घुबड परत धाडील."

थोरले महाराज हसले, आणि यथावकाश मरून गेले. त्यांचे डोळे मिटले. जागत राहिले ते मागचे.

शापानंतर जन्मलेल्या मुलांना तर झोप ठाऊकच नव्हती. कळती झाली की ती हळूहळू काचेची होत. आधी नखं, मग बोटं, मग मनगटं. एक गोळी हुकली की त्या दिवशी काच एकदम वीतभर चढे. आणि काच छातीला पोचली, की ते मूल कोणी मोठ्याने हाक मारली तरी तडके.

साळूची धाकटी बहीण बकुळ अशीच. आईबाप मागेच थकून वारलेले; घरात या दोघीच. बकुळचे हात कोपरापर्यंत काचेचे झाले होते. उन्हात धरले की भिंतीवर रंग पडत, आणि तिला त्याची मोठी मौज वाटे.

"ताई, झोप म्हणजे काय असतं गं?"

"डोळे मिटायचे."

"मिटते की मी. मग?"

"मग काही नाही. तेच तर."

साळू पूर्वी राजाच्या ओतशाळेत शिकायला होती. तिथले मुख्य ओतारी धर्माजीबुवा. त्यांच्या उजव्या गालावर भाजल्याचा मोठा डाग होता, आणि तो देवाचा प्रसाद आहे असं ते सर्वांना सांगत. दर पौर्णिमेच्या दुपारी गोळी ओतली जाई. आधी साच्याला तेलाचा अभ्यंग. मग जमलेला प्रत्येक वडीलधारा आपल्या बोटातली अंगठी शिसं वितळवायच्या मुशीत टाकी, म्हणजे गोळीत त्याचंही नाव जावं. मग मुशीत तीर्थ. मग पळी भरायची, साच्याच्या तोंडाबाहेर थेंबही सांडू न देता ओतायची, कारण सांडणं अशुभ. लगेच साचा उघडायचा, कारण मुहूर्त टळतो. आणि त्या पहिल्या पळीची जी गोळी निघेल ती चांदीच्या ताटात घालून वाजतगाजत बुरुजाखाली न्यायची आणि बंदुकीतून घागरीवर झाडायची. पहिल्या पळीचा मान मोठा. दुसरी पळी कोणी कधी ओतलीच नव्हती.

घुबड गोळी परत धाडी. बुवा मान हलवून म्हणत, "आजकालच्या पोरांत श्रद्धा नाही. गोळीला ते कळतं."

एकदा साळूने विचारलं, "बुवा, साच्याला तेल कशाला?"

"तुझ्या जन्माआधीपासून लावतात म्हणून."

"मला कळायला लागल्यापासून गोळीही हुकतेच आहे."

त्या दिवशी साळूला काढून टाकलं, असं म्हातारे सांगत. खरं तर ती आपणच उठून गेली होती. जाताना भाता तेवढा बंद करून गेली, कारण बाकी कोणाच्या ते ध्यानात नव्हतं.

पुढे एका पौर्णिमेला गोळी पुन्हा हुकली आणि बकुळची काच खांद्याला भिडली. आता पुढे छातीच. साळू तिला घरी बसवून ओतशाळेच्या मागे गेली. परत आलेल्या सगळ्या गोळ्यांचा तिथे ढीग पडला होता. रडायचं त्राण नव्हतं, म्हणून तिने ढिगाला लाथ घातली.

"हळू की गं," ढीग म्हणाला.

शेजारी दगडावर एक टिटवी बसली होती. तिचे डोळे लाल होते. "विचार त्यांना," ती म्हणाली.

"काय विचारू?"

"काय बिघडलं ते. ज्या गोळीत दोष असतो ती बोलते. इतकी वर्षं पडल्यात बिचाऱ्या, एकाने विचारलेलं नाही."

"आणि तू कोण?"

"मी टिटवी. पूर्वी पाय वर करून निजायचे, आभाळ पडू नये म्हणून. आता निजत नाही. आभाळाचं तुमचं तुम्ही बघा."

साळू खाली बसली आणि तिने एक गोळी उचलली. तिच्या अंगभर सुरकुत्या होत्या.

"तेल, बाई," ती म्हणाली. "शिसं आत आलं, तेल जळलं, त्याचा धूर अंगाला चिकटला. मी जन्मले तीच म्हातारी. साचा धू. पण पिढ्यांचं तेल आहे, गार पाण्याने हटायचं नाही."

दुसरी हाताला गरम लागली. वरून साजरी, पण हलवली की आत पोकळ वाजे.

"शिसं गार होताना आकसतं," ती म्हणाली. "तेव्हा वरून आणखी ओढून घ्यायला त्याला काहीतरी लागतं. यांनी तोंडावर थेंब ठेवला नाही. वर घाईने उघडलं. तो गरम श्वास अजून माझ्या पोटात कोंडलाय. मला मुठीत धर, तो निघून जाईपर्यंत. म्हणजे थांबायचं किती, ते तुझ्या हाताला कळेल."

साळूने धरली. कातडं करपलं, डोळ्यांतून पाणी आलं, तरी मूठ सोडली नाही. उन्हं कलली तेव्हा कुठे गोळीने सुस्कारा टाकला आणि ती गार झाली. साळूच्या तळव्यावर वाल वाल एवढे फोड आले.

तिसरी गोळी गोळी दिसतच नव्हती. कडा बोथट, तोंड भरलेलं नाही, अंग रवाळ.

"अंगठ्या," ती कुरकुरली. "जस्ताच्या, वरून मुलामा दिलेल्या. जस्त शिरलं की शिसं लापशीसारखं होतं, साच्याच्या कोपऱ्यात जात नाही. ती मूस बाटली आहे. शिसं नवं आण."

"नवं शिसं कुठे आहे? खाण कधीच संपली."

टिटवी उठली. "मी दाखवते. चाल."

डोंगरापलीकडे एक गुहा होती. गुहेत जादूगाराचा शापित खजिना होता आणि त्यावर एक म्हातारा नाग वेटोळं घालून बसला होता. आजूबाजूला सोनं घ्यायला आलेल्या माणसांचे दगड झालेले. बऱ्याच दगडांना दाढ्या होत्या.

"सोनं घे," नाग म्हणाला. त्याला रोज हेच म्हणावं लागे.

"सोनं नको. ही पेटी आतून शिशाने मढवलीय ना? ते अस्तर हवंय."

नागाने फणा खाली केला. "अस्तर?"

"हो. सोनं बाहेर ओतून ठेवते. तुमचं तुम्ही मोजून घ्या."

"आजवर अस्तर कोणी मागितलं नाही," नाग म्हणाला आणि बाजूला सरकला. अस्तरावर शाप घालायचं जादूगाराला सुचलंच नव्हतं. साळूने शिसं सोलून काढलं, गुंडाळी केली, डोक्यावर घेतली. परतीची वाट लांब होती. ती चालली.

दरबारात राजा सिंहासनाच्या दांडीला टेकून बसला होता. त्याचे डोळे पिकल्या जखमेसारखे दिसत होते.

"कोण तू?"

"काचेच्या मुलीची बहीण. शिसं आणलंय. साचा हवाय महाराज."

धर्माजीबुवा पुढे आले. "महाराज, ही शाळा सोडून गेलेली मुलगी."

"सोडलीच," साळू म्हणाली. "तिथे ओतायला शिकवत नाहीत. वाकायला शिकवतात."

"ऐकलंत? ही भाषा! थोरल्यांसमोर!"

"थोरल्यांनी एका माणसाला रात्रभर दारात उभं केलं, बुवा. त्याचे पाय आम्ही चेपतोय अजून."

राजा रागावला नाही. रागावायलाही अंगात बळ लागतं. तो म्हणाला, "गोळी हुकली तर तुझ्याच बहिणीची छाती काचेची होईल."

"ठाऊक आहे."

"साचा द्या तिला."

साळूने साचा रिठ्याच्या आणि राखेच्या पाण्यात उकळला आणि काथ्याने घासला. पाणी काळं निघालं, ओतलं. पुन्हा काळं निघालं, पुन्हा ओतलं. टिटवी राख आणून देत होती. दाराशी म्हातारे ऊर बडवत होते, पिढ्यांची पुण्याई गटारात चालली म्हणून. पाणी स्वच्छ निघालं तेव्हा साचा कोणी कधी पाहिला नव्हता असा चकाकला. साळूने तो उन्हात कोरडा केला.

पौर्णिमेला सगळं राज्य ओतशाळेत जमलं. बकुळला कापसात बसवून आणलं होतं आणि आजूबाजूला कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. नव्या मुशीत नवं शिसं वितळलं. साळूने त्यात मेणाचा खडा टाकून ढवळलं, वर आलेली मळी काढून फेकली, आणि शिसं आरशासारखं झालं. एका वडीलधाऱ्याने सवयीने अंगठी काढली. साळूने नुसतं बघितलं. त्याने ती परत घातली.

बुवांनी तीर्थाची पळी उचलली. साळूने त्यांचं मनगट धरलं.

"पाणी पडलं की शिसं उसळतं. तुमच्या गालाला विचारा."

बुवांचा हात तसाच राहिला. गालाला काय विचारायचं ते त्यांना कळलं होतं, आणि बहुधा पूर्वीच कळलं असावं.

साळूने पहिली पळी ओतली. साच्याच्या तोंडावर शिशाचं तळं साचू दिलं. लोक हळहळले, "सांडलं, सांडलं." ती थांबली. तळ्याची चमक जाऊन ते मळकट झालं, तरी थांबली. फोडांचा हात तिला सांगत होता. मग वरचा गड्डा तोडून तिने साचा उघडला.

गोळी निघाली. सुरकुती नाही, पोकळी नाही. पण कडा किंचित गोल.

बुवांनी चांदीचं ताट पुढे केलं. वाजंत्र्यांनी सनया तोंडाला लावल्या. साळूने सांडशीने गोळी उचलली आणि परत मुशीत टाकायला हात नेला.

असा आरडाओरडा उठला की बकुळच्या खांद्यावर केसाएवढी चीर गेली.

"गप्प!" राजा कुजबुजला. ते सर्वांना ऐकू गेलं. "मुली, पहिल्या पळीची गोळी टाकतात का कधी?"

"महाराज, साचा गार असतो. गार साच्यात पहिली गोळी धड होतच नाही. आणि तुम्ही सगळ्यांनी मिळून दर वेळी नेमकी तीच उचललीत."

"हा मान आहे!" बुवा म्हणाले. "माझ्या गुरूंनी, त्यांच्या गुरूंनी…"

"तिलाच विचारा," साळू म्हणाली. तिला फार दमल्यासारखं झालं होतं. "दोष असेल तर सांगेल."

राजा पुढे आला आणि गोळीपुढे वाकला. आजवर त्या राज्यात एकही राजा गोळीपुढे वाकला नव्हता.

"गोळी, तुझ्यात दोष आहे?"

"आहे महाराज," गोळी म्हणाली. "मला थंडी वाजत होती."

राजाने सांडशी साळूच्या हातून घेतली आणि गोळी आपल्या हाताने मुशीत टाकली. ती निमूट वितळली.

बुवांच्या हातातलं ताट खाली आलं. "मग आम्ही इतकी वर्षं काय केलं?"

"आम्हाला जागवलंत," साळू म्हणाली, आणि तिने पुढची पळी भरली.

तीही गोळी बोलली. तिच्यानंतरचीही बोलली, पण हळू, आणि नुसतं "जरासं" म्हणाली. साचा तापत गेला. मग एक गोळी निघाली, कडा धारदार, अंग चकचकीत. राजाने विचारलं, "तुझ्यात दोष आहे?"

गोळी काही बोलली नाही.

राजाने पुन्हा विचारलं. सगळं राज्य कान देऊन उभं होतं. गोळी काहीच बोलली नाही.

राजाने ओतशाळेच्या दारात येऊन बंदूक ठासली आणि समोरच्या बुरुजावर रोखली. जागरणाने त्याला नेम धड दिसत नव्हता, पण निर्दोष गोळीला नेमाचं काही पडलेलं नसतं. ती सरळ गेली. लोखंडी घुबडाने तिला अडवायला पंख उघडला, तिच्यात पकडायला काही सापडलं नाही म्हणून परत मिटला, आणि घागर फुटली.

झोप खाली आली. ती करड्या रंगाची होती आणि तिला धुतलेल्या गोधडीचा वास होता. वाजंत्री सनया तोंडात धरून आडवे झाले. घोडे उभ्या उभ्या घोरू लागले. राजा बंदुकीला टेकून निजला. धर्माजीबुवा ताट उशाला घेऊन कलंडले, आणि झोपेत ते फार म्हातारे दिसत होते, एवढंच.

"ताई," बकुळ म्हणाली. तिच्या हातांवरून काच उतरत होती, खांदा, कोपर, मनगट. चीर बुजत होती. "डोळे मिटले की आत काहीतरी खाली खाली जातंय. मला भीती वाटते."

"जाऊ दे. मी आहे."

"मग परत कशी येऊ?"

"सकाळी कोंबडा आरवेल."

बकुळची बोटं साळूच्या भाजलेल्या तळव्यात मऊ झाली, आणि मग सैल पडली. टिटवीने दगडावर पाठ टेकून दोन्ही पाय वर केले आणि आभाळ पुन्हा आपल्या ताब्यात घेतलं.

साळू उठली. भाता कोणी बंद केला नव्हता. तिने तो बंद केला, निखाऱ्यांवर राख ओढली, पळी कोरडी करून खुंटीला टांगली आणि बहिणीशेजारी येऊन पडली.

दुसऱ्या दिवशी कोंबडे आरवले. त्या ओतशाळेत पुढे पहिल्या पळीची गोळी मुकाट्याने मुशीत परत जाऊ लागली, आणि तिथे मुलं काहीही विचारू लागली. त्या राज्याची झोप त्या राज्याला मिळाली. ऐकणाऱ्यांना त्यांची मिळो. आणि सांगणाराही पुष्कळ जागलाय, आता त्यालाही निजू द्या.