चुंबकाचे पाणी

एका डोंगराळ रानात, काळ्या कातळाच्या कपारीत एका कोल्ह्याचे घर होते. तो कातळ चुंबकाचा होता. कुण्या शिकाऱ्याच्या बाणाचे लोखंडी टोक त्याला घट्ट चिकटून बसले होते. कातळावरून पाझरणारे पाणी खाली डबक्यात साचे. उन्हाळ्यात कोल्ह्याचे केस झडले, म्हणून तो त्या डबक्यात डुंबू लागला. पुढे हिवाळा आला आणि त्याच्या अंगावर दाट केस आले. मग काय विचारता! भेटेल त्याला तो सांगे, "जो दगड लोखंड ओढतो, तो अंगातला रोग ओढणार नाही होय?"

त्याच रानात एका हरिणीच्या पाडसाला गोचिडी झाल्या होत्या. एक साळुंकी रोज सकाळी येई, पाडसाच्या पाठीवर बसे आणि गोचिडी वेचून खाई. रानातली ही जुनीच रीत. पण पाडसाची कातडी काही तुकतुकीत दिसेना. आईचा जीव तो, उतावळा झाला. ती कोल्ह्याकडे गेली.

"हरिणीताई, रोज आंघोळ घाला," कोल्हा म्हणाला. "मात्र अंगाला चोच लागू देऊ नका. पाण्याचा गुण उतरतो."

हरिणीने साळुंकीला हाकलले. गोचिडी टरारून फुगल्या, पाडसाचे केस पुंजक्यांनी गळू लागले. हरिणी घाबरली, तर कोल्हा म्हणाला, "आधी वाढतं, मग उतरतं. धीर धरा." मुलांनो, त्याला हे खरेच वाटत होते, आणि मला त्याचेच जास्त वाईट वाटते.

एका सकाळी पाडसाला उठवेना. तेव्हा हरिणीने टाहो फोडून साळुंकीला बोलावले. बिचारी राग विसरून आपले सारे गणगोत घेऊन आली. संध्याकाळपर्यंत त्यांनी एकूण एक गोचीड वेचली. पण पाडसाच्या अंगात रक्तच उरले नव्हते. आईच्या पायांशी त्याने मान टाकली.

एव्हाना उन्हाळा लागला होता. कोल्हा आला, तेव्हा त्याचेही केस पुन्हा झडत होते. तो पुटपुटला, "पण मला तर त्याच पाण्याने गुण आला होता."

"कोल्होबा, तुमचे केस थंडीने आले," साळुंकी म्हणाली. "थंडीत ते सगळ्यांनाच येतात. या लेकरालाही येत्या थंडीत आले असते."

कोल्ह्याने मान खाली घातली. हरिणी पाडसाचे थंड अंग चाटत राहिली.

तात्पर्य : एकदा आलेला गुण कशाने आला हे पारखल्याशिवाय दुसऱ्याला औषध सांगू नये, आणि नव्या औषधाच्या आशेने रोजचा खरा उपाय सोडू नये.