गारठणची उंची वाढवली त्याची गोष्ट

फार उंच, फार गार आणि स्वभावानं सोशिक अशा एका डोंगराची ही हकिकत. डोंगराचं नाव गारठण. त्याच्यावर प्राण्यांचं राज्य होतं आणि दर पाच पावसाळ्यांनी तिथे निवडणूक व्हायची. निवडून दौलतराव गवाच यायचे. दुसरं कुणी उभं राहिलं, तर दौलतराव जाऊन त्याच्या शेजारी उभे राहत. मग तो बसत असे.

या राज्यात गोजाबाई साळिंदर मातीखात्यात नोकरीला होती. काम एकच. वर्षातून एकदा पायथ्यापासून माथ्यापर्यंत जायचं, ठरलेल्या जागी आपला लांब काटा जमिनीत खुपसायचा आणि काळी माती किती खोल आहे ते दरबारात सांगायचं. गारठणचा खजिना म्हणजे ही माती. डोंगर गार, त्यामुळे पडलेलं पान कुजायची घाई करत नसे. शेकडो वर्षांचा पाचोळा असा थरावर थर साठत आला होता. गोजाबाईच्या आईनंही हेच काम केलं. तिच्या वेळी अख्खा काटा आत जाऊन पंजा मातीला टेकायचा.

पुढे उन्हाळे लांबले. थंडी यायची, पण हजेरी लावून निघून जायची.

पहिली दोन-तीन वर्षं मजेत गेली. गवत महिनाभर आधी उगवलं आणि महिनाभर उशिरा वाळलं. माथ्यावर जिथे शेवाळ आणि ठेंगणी झुडपं एवढंच असायचं, तिथेही गवत चढलं. दौलतरावांनी सभा घेतली.

"बंधू-भगिनींनो, मागच्या राजवटीत गवत कुठवर होतं? गुडघ्यापर्यंत. आज कुठवर आहे?"

"पोटापर्यंत," सभा म्हणाली. सशांच्या तर ते डोक्यावरून जात होतं, पण तेही म्हणाले.

मागची राजवटही दौलतरावांचीच होती, हे कुणी काढलं नाही.

त्याच वर्षी गोजाबाईचा काटा निम्माच आत गेला. खाली खडक लागला. जागा चुकली असेल म्हणून तिनं शेजारी खुपसून पाहिलं, मग आणखी चार ठिकाणी पाहिलं. सगळीकडे तेच. ती तशीच दरबारात गेली.

"महाराज, गवत वाढलंय, पण खजिना आटतोय," ती म्हणाली.

"कुणी चोरला?" प्रधान रावजी तरस यांनी विचारलं.

"चोरी नाही झाली. पाचोळा कुजवणारे बारीक जीव असतात मातीत. गारव्यात ते सावकाश खायचे. उकाड्यानं त्यांची भूक वाढली. वरून जेवढं पान पडतं, त्याहून जास्त ते आता फस्त करतात. त्यातलं बरंचसं हवेत जातं, आणि तीच हवा पांघरुणासारखी आपल्यावर बसून आणखी उकडवते."

"म्हणजे चोर सापडले. किती आहेत?"

"चिमूटभर मातीत कोट्यवधी."

प्रधान गंभीर झाले. "मग बहुमत त्यांचं आहे. त्यांना दुखवून चालणार नाही."

दुसऱ्या दिवशी फर्मान निघालं, की यापुढे मातीची खोली गवताच्या शेंड्यापासून मोजावी. तशी मोजली तेव्हा माती आईच्या काळापेक्षाही खोल भरली. हा आकडा गोजाबाईनं सभेत सांगावा, असा निरोप आला.

"गवताची उंची सांगायला माझा काटा कशाला पाहिजे?" गोजाबाई म्हणाली. "ते सशालाही दिसतंय."

तिला बढती देऊन सल्लागार केलं. म्हणजे तिला काही विचारायचं नाही असं ठरलं. खातं प्रधानांच्या मेहुण्याकडे गेलं. गोजाबाई घरी आली. आपण गप्प राहिलो असतो तर निदान काम तरी हातात राहिलं असतं, असं तिला वाटत राहिलं.

चौथ्या वर्षी गवत थांबलं. माती पातळ झाली होती, तिच्यात पाणी टिकेना, आणि पाणी नाही तर नुसत्या उबेचं गवतानं करायचं काय? ते दिवाळीच्या आधीच पिवळं पडलं. दरबारानं त्या रंगाला 'पक्व हिरवा' असं नाव दिलं. उकाडा पायथ्याकडून वर चढायला लागला, तेव्हा 'वर सरका' योजना आली. प्रत्येकानं एकेक टप्पा वर जायचं. पायथ्याचे मधल्या रानात गेले, मधल्या रानातले माथ्यावर गेले.

माथ्यावर तुळाजी बेडूक राहायचा. त्याची जात त्या एका माथ्यावर सोडली तर कुठेच नव्हती. तो गोजाबाईकडे आला.

"आक्का, सगळे वर सरकले. मी कुठं सरकू?"

दोघं मिळून दरबारात गेले. दौलतरावांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"प्रश्न रास्त आहे," ते म्हणाले. "डोंगर कमी पडतोय. आपण डोंगर उंच करू."

प्रत्येक नागरिकानं आपल्या टप्प्यावरची काळी माती तोंडात धरून माथ्यावर नेऊन टाकायची, असा हुकूम सुटला. रांगाच रांगा लागल्या. गोजाबाई वाटेत उभी राहिली. "अरे, उरलीसुरली माती उघडी पाडू नका. उन्हात ती आणखी लवकर संपेल." तिला कुणी ढकललं नाही की शिवी दिली नाही. तोंडात माती होती, त्यामुळे कुणाला बोलताच येत नव्हतं. सगळे तिला वळसा घालून पुढे गेले.

सात हात उंच ढिगारा झाला. वाजतगाजत उद्घाटन झालं. चौथ्या दिवशी पाऊस आला आणि ढिगारा ओढ्यानं शेजारच्या राज्यात उतरला. संध्याकाळपर्यंत घोषणा झाली, की गारठणची माती आता परदेशातही जाते.

त्या दिवशी गोजाबाई सभेला थांबली नाही. तिनं तुळाजीला पाठीवर घेतलं. काट्यांमुळे त्याला नीट बसता येईना, तरी तो चिकटून राहिला. डोंगराच्या उत्तरेला एक अरुंद घळ होती. तिथे ऊन उशिरा पोचायचं, झाडं जुनी होती आणि पाचोळ्याला अजून कुणी हात लावला नव्हता. अडचणीची वाट, म्हणून योजना तिथवर गेल्याच नव्हत्या.

दोघांनी कामाला सुरुवात केली. उघड्या पडलेल्या उतारावर पाचोळा पसरायचा, ओघळाला दगड लावायचे आणि रोपांवर कुणाला चरू द्यायचं नाही. हळूहळू चार ससे आले, एक भेकर आलं, पुढे मेहुण्याच्या खात्यातला एक उंदीरही राजीनामा न देताच येऊन राहिला. दोन वर्षं काटा होता तिथेच अडला. तिसऱ्या वर्षी तो नखभर जास्त आत गेला. गोजाबाईनं पुन्हा खुपसून पाहिलं. नखभरच, पण खरा. तुळाजी त्या दिवशी मनसोक्त ओरडला.

ही बातमी दरबारात पोचली. निवडणूक जवळ आली होती. आठवड्याच्या आत घळीच्या तोंडाशी भला मोठा फलक उभा राहिला, 'महाराजांच्या दूरदृष्टीतून साकारलेली घळ'. त्यावर दौलतराव होते, प्रधान होते, मेहुणे होते आणि खाली शुभेच्छुकांचे बावीस चेहरे होते. गोजाबाई नव्हती, तुळाजीही नव्हता.

तुळाजी फलकाभोवती एक चक्कर मारून आला. "आक्का, पाडूया का हा?"

गोजाबाईनं फलकाच्या मागे जाऊन मातीला पंजा लावून पाहिला. भर दुपारी तिथली माती गार होती.

"राहू दे," ती म्हणाली, आणि तिथे पाचोळा पसरायला लागली. फलकाची सावली चांगली ऐसपैस पडत होती. इतक्या वर्षांत सरकारचं तेवढं एक काम प्रत्यक्ष जमिनीवर उतरलं होतं.