कासार आळीतल्या शाळेची हाक

आधीच माफी मागतो. माझं शिक्षण सातवीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल आणि शब्दही साधेच असतील.

आमच्या कासार आळीच्या तोंडाशी सेंट विनिफ्रेड ही मुलींची जुनी शाळा आहे, अँग्लिकन मिशनची. काळ्या दगडाची इमारत, वर क्रूस, दोन्ही अंगांना तांब्या-पितळेची दुकानं. रोज सकाळी घंटा झाली की मोठ्या बाई रस्त्यावर येतात आणि आळीकडे तोंड करून तीनदा हाक मारतात, "कुणी राहिलं का गं?" मगच फाटक लागतं. पाहुणे कारण विचारतात, तेव्हा निवृत्त शिक्षिका डॉर्कसबाई साळवे सांगतात. माझं सायकलचं दुकान फाटकाला लागूनच आहे. परवा पंक्चर काढता काढता मी सगळं ऐकलं.

शंभराहून जास्त वर्षं झाली म्हणे. विलायतेहून सिस्टर हॅरिएट नव्याने आल्या. शिस्तीच्या फार. दहाला फाटक बंद म्हणजे बंद. पण त्यांचं घड्याळ रेल्वेच्या वेळेवर लावलेलं, आणि त्या काळी रेल्वेची वेळ शहराच्या वेळेपेक्षा अर्धा तास पुढे असे. पेठ जुन्याच वेळेने चाले. मुली वेळेवर यायच्या आणि बंद फाटक पाहून परत जायच्या. सिस्टरना वाटलं, इथल्या पोरीच आळशी.

त्यांत दामूशेठ कासाराची लेक गोदू होती. तिसऱ्या दिवशी बाप म्हणाला, "बाईंनाच तू नको असशील, तर घरी बस. उद्याही फाटकावरून परत आलीस की पाटी माझ्याकडे द्यायची, आणि वैशाखात तुझं लग्न."

चौथ्या दिवशीही फाटक बंद. गोदू घरी गेली नाही. तिथेच धुळीत बसून मोठमोठ्याने पाढे म्हणू लागली. ते ऐकून शाळेची स्वयंपाकीण येसूबाई सिस्टरपुढे उभी राहिली. "बाई, तुमचं घड्याळ आगगाडीचं. पोरी काय आगगाडीने येतात?"

असं सांगतात की सिस्टरनी स्वतः फाटक उघडलं, गोदूचा हात धरला आणि आळीत शिरल्या. मोडक्या मराठीत दारोदार विचारत गेल्या, "कुणी राहिलं का?" दामूशेठच्या दुकानापुढे मान खाली घालून म्हणाल्या, "चूक माझी."

दामूशेठने हातोडा खाली ठेवला म्हणे. "मडम दारात आल्या, आता मी काय बोलू? न्या तिला."

त्याच दिवशी प्रार्थनाघरात सिस्टरनी शपथ घेतली, की हाक मारल्याशिवाय हे फाटक कधी लागणार नाही. गोदू पुढे इथेच शिक्षिका झाली.

आजही पाऊस असो, परीक्षा असो, हाक चुकत नाही. माझी आई याच शाळेत शिकली आणि तिनेच मला अक्षरं शिकवली. या शाळेचे उपकार मी कसे विसरू?

ही गोष्ट ऐकली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हाक झाली, तेव्हा मी हातातला पाना ठेवला. मोठ्या बाईंपुढे जायचा धीर झाला नाही. डॉर्कसबाईंना गाठलं आणि विचारलं, "बाई, बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म कुठे भरतात?"