दोन पंत आणि चार ढेपी

विसावी ढेप पारड्यात पडली, दोन्ही पारडी सम झाली आणि काडकन! राजा भारसेनाच्या गूळतुलेचा दांडाच मोडला. एकीकडून वीस ढेपी गडगडल्या, दुसरीकडून राजा. आणि राजाच्या अंगावर दिवाण नरहरपंत!

पंत चढले होते महाराजांना हार घालायला. उपरणं अडकलं महाराजांच्या मांडीखाली, आणि तुला पुरी होईतो महाराजांनी उठायचं नसतं. मग काय, पंत बसले तिथेच!

"म्हाळू!" राजा तोलाऱ्यावर गरजला. "देवीला मी माझ्या भाराइतका गूळ बोललोय. पंताचा भार त्यात कशाला? ढेप कमी पडली तर देवी कोपेल, जास्त गेली तर मी कोपेन! आरती संपायच्या आत माझा भार सांग, नाहीतर गाढवावर उलटा बसवून वेशीबाहेर घालवतो!"

एवढा मोठा ताजवा पंचक्रोशीत दुसरा नव्हता. म्हाळू मोडक्या दांड्याचे तुकडे जुळवू लागला. तेवढ्यात त्याची लेक हौसा पुढे झाली.

"महाराज, सकाळी ताजवा पारखताना एका पारड्यात तुम्ही बसलात, दुसऱ्यात पंत. पंत टांगले गेले वर! त्यांच्याकडे चार ढेपी टाकल्या तेव्हा कुठे पारडी सम झाली. खरं ना?"

"खरं."

"म्हणजे एक पंत आणि चार ढेपी मिळून झाले एक महाराज!"

कुणीतरी फिसकन हसलं. राजाने डोळे वटारले. "बरं, मग?"

"मग पारड्यातून तुम्ही उतरा. मनातल्या मनात हो! तुमच्या जागी बसवा एक पंत आणि चार ढेपी."

"अगं, पंत तिथे आधीच बसलाय!"

"मग झाले दोन पंत!"

"अरे देवा!" राजाने कपाळाला हात लावला. "एकटाच माझा मुदपाकखाना रिकामा करतो!"

"दोन पंत आणि चार ढेपी, समोर वीस ढेपी. दोन्हीकडच्या चार-चार उचला. उरले दोन पंत, समोर सोळा. तर एक पंत किती?"

"आठ!" राजा ओरडला. "आणि मी चार जास्त... बारा!"

"पोरीचा काय भरवसा?" पंत फणकारले.

"बारा महाराजांच्या, आठ तुमच्या. वीस भरतात का, मोजा की पंत!"

पंतांनी स्वतःची बोटं संपवली, भटजींची उसनी घेतली. भटजींच्या शेवटच्या करंगळीवर नेमके वीस!

राजा इतका हसला, इतका हसला, की देवळातल्या घंटा आपोआप वाजू लागल्या. "बारा ढेपी देवीच्या! म्हाळूला लोखंडी दांड्याचा नवा ताजवा! आणि पंताच्या आठ ढेपी हौसाच्या. पंत, बघता काय? उचला पहिली, आणि पोचवा तिच्या घरी!"