वाऱ्याच्या मळ्यातला वाकडा बांध

तो बांध बघा. बाकीचे सगळे मास्तरांनी पट्टी लावून ओढल्यासारखे सरळ, आणि हा एकटाच मध्ये कमरेत वाकलाय. इथं येणारा प्रत्येक शहाणा माणूस विचारतो, मोजणीवाला प्यायलेला होता का? तुम्ही अजून विचारलं नाहीत, म्हणजे एकतर सज्जन आहात किंवा चढण चढून दमलात. बसा ह्या आंब्याखाली. पंगतीला अवकाश आहे.

ह्याला वाऱ्याचा मळा म्हणतात. आमच्या तिवडे गावात नव्या भाताच्या पंगतीला पहिला घास रिकाम्या पानावरचा जेवायचा असतो. मळ्याचं नाव, ही रीत आणि हा वाकडा बांध, तिन्ही एकाच म्हातारीपासून आली असं सांगतात. साल मात्र विचारू नका. मी चौथीतून पळालेला माणूस.

फार पूर्वी हा मळा खोताचा होता. कसायचा कुळांनी, खायचा खोतानं. मग सरकारनं तो खोताकडून काढून घेतला आणि दवंडी पिटली की आता कुळांना वाटून मिळणार. गावानं त्याच संध्याकाळी ढोल वाजवला. आमच्या गावाला ढोल लवकर वाजवायची खोड आहे. साहेब आला, त्यानं बोटानं वाटण्या दाखवल्या. ओढ्यापासून ह्या आंब्यापर्यंत लखू गोताड, त्याच्याशेजारी येसूबाय, पुढं बाकीचे. जाताना त्यानं बजावलं, "ताबा मिळेपर्यंत मातीला लोखंड लावायचं नाही."

येसूबाय एकटी विधवा, जीभ विळ्यासारखी. तिनं बोटानं दाखवलेल्या जमिनीतली चिमूटभर माती कपाळाला लावली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "आता भात खाईन तो माझ्या मळ्यातला. तोवर नाचणी." लोकांना वाटलं, एका पावसाचा प्रश्न आहे.

ताबा काही येईना. मोजणीची साखळी आली तर ती धरणारा आला नाही. तो आला तोवर साहेबाची बदली झाली. नव्या साहेबाला सगळं पहिल्यापासून समजून घ्यायचं होतं, आणि समजत आलं की त्याचीही बदली. तोवर सरकार दरसाल मळ्यातलं गवत लिलावात विकी, आणि घाटावरच्या म्हशी येऊन कुळांच्या डोळ्यांदेखत त्यांची जमीन चरून जात. म्हशींना ताबा लगेच मिळाला.

पहिल्याच पावसात येसूबाय रिकाम्या हातांनी मळ्यात गेली म्हणे. नसलेलं जोत धरलं, नसलेल्या बैलांना हाका घातल्या, आणि तास धरून चालू लागली. मातीला लोखंड लावायचं नव्हतं, वाऱ्याला लावायला कोणाची मनाई? गाव पोट धरून हसलं. दुसऱ्या सकाळी त्या हसणाऱ्यांतलेच निम्मे आपापल्या वाटणीत जोत धरून उभे होते.

मग दरसाल तसंच चाललं. धुक्यात बायका ओळीनं वाकायच्या आणि रिकाम्या मुठीतून रोपं काढून लावायच्या. लावणीची गाणी खरी, पाठीची कळ खरी, रोप तेवढं नाही. आश्विनात कापणी, मग झोडणी. मळ्यावरून वारा गावाकडे वळला की नव्या भाताचा वास यायचा आणि पाळण्यातली पोरं झोपेत ओठ चाटायची, असं सांगतात. पुढं पुढं म्हशीसुद्धा मळ्यात शिरताना थबकायच्या आणि नसलेल्या बांधांवरून एकामागे एक चालायच्या.

जमीन नव्हती, पण शेजार होता, म्हणून भांडणही होतं.

"लखू, बांध वीतभर माझ्यात सरकवलायस तू."

"कुठला बांध, म्हातारे? दाखव बरं."

"ज्यावर आता उभा आहेस ना, तोच."

लखूनं खाली बघितलं आणि गुपचूप उतरला म्हणे. पण कबूल केलं नाही. दर पावसाळ्यात हे भांडण नव्यानं व्हायचं. येसूबायचे दात पडले, भाकरी ताकात भिजवून खायची वेळ आली, तरी लग्नाच्या पंगतीतही ती आपली भाकरी फडक्यात बांधून न्यायची.

शेवटी एका वैशाखात आणखी एक साहेब आला. जमीन भेगाळलेली, पानाला हालचाल नाही. तो मळ्यातून सरळ चालत निघाला तशी येसूबाय ओरडली, "साहेब, बांधावरून चाला. भात तुडवू नका."

साहेब ओशाळला आणि बांधावरून चालू लागला. एकेक पाऊल जपून टाकत, हात पसरून तोल सावरत. पलीकडे पोचून त्यानं मागं बघितलं, तर मोकळं माळरान. खाली बघितलं, तर दोन्ही बूट घोट्यापर्यंत चिखलानं भरलेले.  मग म्हणाला, "तुम्ही तर कसताच आहात. मोजणी मी उद्याच करून घेतो. ह्या पावसाला नांगर घाला."

आणि खरंच घातला. पण येसूबाय तोवर दाराशी बाजेवर होती. तिच्या वाटणीत गावानं लावणी केली. भाद्रपदात भात पोटरीला आलं, आणि तिला ताकातली भाकरीही गिळेना. तांदळाची पेज द्या, असं वैद्य म्हणाला. पेज ओठाशी नेली की ती ओठ मिटायची. शपथ मोडायची नाही, आणि शेतातलं कणीस तर अजून पोटरीतून बाहेरही आलं नव्हतं. इतकी वर्षं जिनं गावाला वाऱ्यावर शेती शिकवली, ती उपाशी जाणार, हे सगळ्यांना दिसत होतं. 

दुपारी लखू आला. त्यानं तिच्यापुढं केळीचं पान मांडलं, भात वाढायची करवंटीची डवली रिकामीच मळ्याच्या बाजूला फिरवली आणि पानावर उपडी केली.

"जेव गो येसूबाय. वाऱ्याचा भात आहे. इतकी वर्षं पिकवला, खाल्ला कोणीच नव्हता."

येसूबायनं पानावरचा घास उचलला, नाकाशी नेला आणि परत खाली ठेवला.

"हा तुझ्या बाजूचा."

कोणी हसलं नाही. लखू उठला आणि डवली घेऊन मळ्यात गेला. पावसाची भुरभुर चालू होती. सगळे वाट बघत राहिले. परत आला तो डवली दोन्ही हातांनी सावरत, वर उपरणं धरून, सांडू नये म्हणून.

"सरकवला होता मी बांध. वीतभर. आता मागं घेतलाय. हा तुझा आहे."

येसूबायनं घास तोंडात घातला. बोळक्या तोंडानं सावकाश चघळला. "मीठ बेताचं आहे," असं म्हणाली आणि आणखी मागितला. पोटभर जेवली, पान स्वतःच्या हातानं दुमडलं, आणि तिन्हीसांजेला डोळे मिटले. तिच्या ओठाच्या कोपऱ्याला भाताचं एक शीत चिकटलेलं होतं. गरम होतं, असं हात लावणारीनं सांगितलं म्हणतात.

दुसऱ्या दिवशी लखूनं फावडं घेतलं आणि सरकारी मोजणीचा सरळ बांध, आपलं उभं भात कापत, आपल्याच बाजूला सरकवायला घेतला. वीतभर नाही, चांगला हातभर. मध्यापर्यंत आला तेव्हा बायकोनं येऊन फावडं काढून घेतलं. म्हणून पुढं बांध पुन्हा सरळ आहे.

आजही येसूबायच्या वाटणीतला भात गावाच्या पंगतीला येतो, आणि आजही पहिली डवली रिकामीच फिरते. पाहुण्यानं घास नाकाशी न्यायचा आणि म्हणायचं, "हा शेजारचा." मग वाढपी मळ्यापर्यंत जाऊन परत येतो. भूक कितीही लागली तरी तोवर पानावरून उठायचं नाही. गेल्या साली एक मोठे हुद्देदार जेवायला होते. हसत हसत रिकामा घास खाल्ला आणि मीठ बेताचं आहे म्हणाले. मग आपणच दचकले. ओठाला शीत होतं. ते मी चिकटवलं असं गावात बोलतात. मी त्यांच्यापासून चांगला लांब बसलो होतो, हवं तर विचारा.

उठा आता. लखूचा पणतू डवली घेऊन निघालाय. आणि बांधावरून चाला. भात तुडवू नका.