सर्जेरावांच्या कुस्तीचा फोटो

एका गावात एक भोळा घरजावई होता. नाव हरबा. एकदा सांगितलेली गोष्ट तो कधी विसरत नसे, आणि घरच्यांना ताप होता तो त्याचाच.

हरबाचे सासरे सर्जेराव जुने पैलवान. चाळीस वर्षांपूर्वी जत्रेत त्यांनी दौलू पैलवानाला चितपट केले होते. शाळेच्या मास्तरांनी सर्जेरावांच्याच कॅमेऱ्यावर त्या क्षणाचा फोटोही काढला होता. पण लगेच कॅमेऱ्याची रोल गुंडाळायची चावी अडकली ती अडकलीच. रोल आत राहिला. मास्तर वारले. दौलूअण्णा मात्र ठणठणीत होते आणि रोज पारावर बसून सांगत, "सर्ज्या खाली हुता. वर म्या हुतो!"

"फोटो निघू दे," सर्जेराव म्हणत. "तालमीत टांगतो. मग बघू कोन वर आन् कोन खाली."

यंदा जत्रा पंधरा दिवसांवर आली तसा सर्जेरावांनी कॅमेरा पेटीतून काढला. गावात घड्याळे दुरुस्त करणारे बशीरचाचा होते, पण त्यांचे हात आता थरथरत. ते म्हणाले, "मी सांगतो, हरबाला करू द्या." झाले, माकडाच्या हाती कोलीत मिळाले.

चाचा म्हणाले, "चावीचे तीन स्क्रू काढ." हरबाने काढले. ओट्यावर ठेवले. कोंबडी आली, तिन्ही टिपून गेली.

"अरे वेड्या," चाचा म्हणाले, "काढलेली वस्तू डब्यात घालावी, वर घट्ट झाकण लावावं!"

"आता तसंच करीन," हरबा म्हणाला.

चाचांनी जुन्या घड्याळाचे तीन स्क्रू शोधून दिले. मग म्हणाले, "कातडी कव्हराला कुबट वास येतोय. ते काढ आणि ओल्या फडक्यानं पूस." हरबाने कव्हर काढले, चिंब पुसले, डब्यात घातले आणि घट्ट झाकण लावले. चार दिवसांनी सर्जेरावांनी डबा उघडला. आत हिरवीगार बुरशी.

"जावईबापू, ह्यात काय पेरलंत?"

"काय न्हाई, मामा. झाकण घट लावलं हुतं."

चाचा म्हणाले, "अरे, ओली वस्तू उन्हात पसरून वाळवावी!"

"आता तसंच करीन."

दुसऱ्या दिवशी तेलाचा थेंब सोडताच चावी कुरकुरली आणि फिरली. सर्जेरावांच्या डोळ्यांत पाणी आले. हरबाने चावी शेवटापर्यंत फिरवली. मागचे झाकण उघडताच कागदात गुंडाळलेला रोल अलगद बाहेर आला.

"चाचांकडं पोचवा," सर्जेराव म्हणाले. "त्ये शहरात धाडतील. जपून न्या."

हरबाने तो जपून मुठीत धरला. ऊन मी म्हणत होते. मुठीला घाम आला, कागद ओलसर झाला. हरबा थबकला. त्याला शिकवण आठवली. त्याने कागद सोडवला, आतली फिल्म लांबच लांब उलगडली आणि तालमीच्या भिंतीवर भर दुपारी वाळत घातली. वाऱ्याने उडू नये म्हणून दोन्ही टोकांना दगडही ठेवले. एवढी अक्कल त्याला होती.

चाचांनी ते पाहिले आणि कपाळावर हात मारला. "गेला फोटो! अरे, फिल्मला उजेडाचा एक किरणसुद्धा लागू द्यायचा नसतो!"

"आता तसंच करीन," हरबा म्हणाला.

सर्जेरावांनी अंथरूण धरले. जेवेनात, बोलेनात. तिसऱ्या दिवशी दौलूअण्णा स्वतः आले. चिडवायला समोर सर्जेराव नसल्यामुळे त्यांनाही पारावर करमत नव्हते.

"ऊठ, सर्ज्या," ते म्हणाले. "खाली म्याच हुतो. चाळीस वर्सं खोटं बोललो. चल, परत पाड मला, आन् काढू दे जावयाला फोटू."

सर्जेरावांनी त्यांना मिठीच मारली. चाचांनी शहरातून आठ फोटोंचा नवा रोल आणवला आणि स्वतःच्या हाताने कॅमेऱ्यात बसवला.

जत्रेच्या सकाळी अख्खा गाव आखाड्याभोवती जमला. हरबा आधीपासूनच कॅमेरा घेऊन काळ्या घोंगडीत शिरला होता. फोटोवाले असेच करतात, म्हणून कुणी काही विचारले नाही. दोन्ही म्हातारे लंगोट कसून उतरले. दौलूअण्णा आपणहून उताणे झाले. "दमानं रं, कंबर हाय माझी!" सर्जेराव छातीवर बसले आणि त्यांनी मिशीवर ताव दिला.

घोंगडीतून आवाज आला, "खट्!"

"आनखी एक घ्या, जावईबापू!"

असे आठ वेळा झाले. आठ वेळा दौलूअण्णांनी पाठीला माती लावून घेतली. आठव्यांदा त्यांना उभे करायला चौघेजण लागले. गावाने टाळ्या पिटल्या, हलगी कडाडली, दोघे म्हातारे गळ्यात गळा घालून रडले.

हरबा घामाघूम होऊन बाहेर आला.

"मामा, आठीच्या आठी निघाले बगा. घोंगडी दुहेरी घेतली हुती, आन् वर कॅमेऱ्याच्या काचंवर कणीक लिंपली. ह्या खेपंला उजेडाचा एक किरण आत जाऊ दिला न्हाई!"